शोधनिबंधाला शिस्त लावून देणाऱ्या ग्रंथपाल मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आम्हा चौघांचा शोधनिबंध नुकताच सादर झाला. विषयाची निवड, पाहणी आणि निष्कर्ष यांबाबत मार्गदर्शकांचे आभार आम्ही निबंधातच मानले आहेत. परंतु त्या मजकुराला वाचण्याजोगे रूप यावे म्हणून आपण जो वेळ दिलात, तो ऋणनिर्देशाच्या एका ओळीत मावणारा नव्हता, म्हणून हे जाहीर पत्र.

मांडणी म्हणजे शेवटच्या रात्री उरकायचे काम, असा समज विद्यार्थ्यांत सर्रास असतो. समास किती सोडायचा आणि अक्षर केवढे ठेवायचे हे सांगण्याआधी आपण एकच संदर्भ एपीए, एमएलए आणि आयईईई या संदर्भ लिहिण्याच्या तीन शैलींत फळ्यावर एकाखाली एक लिहिलात. सामाजिक शास्त्रांत संशोधन किती ताजे आहे याला मोल असते, म्हणून एपीएमध्ये आडनावाला लागूनच वर्ष येते. साहित्याच्या अभ्यासकाला मूळ ओळ नेमकी कुठे सापडेल हे हवे असते, म्हणून एमएलएमध्ये त्या जागी पृष्ठक्रमांक येतो. आणि अभियांत्रिकीच्या लेखात एकेका वाक्याला अनेक संदर्भ जोडावे लागतात, तेव्हा आयईईई चौकोनी कंसातल्या आकड्यावर भागवते. एवढे उमगल्यावर पुढचे नियम पाठ करण्याचा त्रास बराच कमी झाला, कारण प्रत्येक नियमामागे कोणता वाचक उभा आहे हे दिसू लागले.

आम्हाला एपीएची सातवी आवृत्ती नेमून दिली होती. ती २०१९ मध्ये आली, तरी विद्यार्थ्यांच्या हातोहात फिरणारे नमुने बरेचदा सहाव्या आवृत्तीचेच असतात. प्रकाशनाचे शहर आता लिहायचे नाही, तीन किंवा अधिक लेखक असतील तर मजकुरात पहिल्या उल्लेखापासूनच पहिले आडनाव आणि ‘व इतर’ पुरते, अंतिम यादीत मात्र वीस लेखकांपर्यंत सर्वांची नावे द्यायची, चाळीस किंवा अधिक शब्दांचे अवतरण अवतरणचिन्हांशिवाय वेगळ्या परिच्छेदात आत सरकवून घ्यायचे, हे सारे आपण जुना आणि नवा नमुना शेजारी ठेवून समजावलेत. उजवी कड सरळ न करता मोकळी सोडावी हा नियम आम्ही पाळला. ती कड सरळ असलेले पान मला अजूनही अधिक देखणे वाटते, हा भाग वेगळा.

सर्वांत उपयोगी पडली ती वर्डमधली एक साधी कृती. चौघांनी वेगवेगळे लिहिलेले भाग एकत्र जोडल्यावर आपण परिच्छेदचिन्हे दाखवणारे बटण दाबलेत आणि पडद्यावर एंटरच्या खुणांची रांगच उभी राहिली. नवे प्रकरण नव्या पानावर नेण्यासाठी कंट्रोल आणि एंटर, संदर्भाची दुसरी ओळ अर्धा इंच आत घेण्यासाठी कंट्रोल आणि टी, आणि प्रत्येक शीर्षकाला हाताने ठळक करण्याऐवजी त्याच्या पातळीची ‘हेडिंग’ शैली, एवढ्यावर सगळे पान जागेवर बसले. शीर्षकांना शैली लागली की अनुक्रमणिका आपोआप तयार होते, आणि मध्येच एक पान वाढले तरी एका क्लिकवर तिचे क्रमांक सुधारतात. कुठल्याही संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

संदर्भ गोळा करून त्यांची यादी बनवणारे झोटेरो वापरायला आपली हरकत नव्हती, फक्त त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नका असे आपले सांगणे होते. हे सॉफ्टवेअर संकेतस्थळावरून येईल ती माहिती तशीच उचलते. एखाद्या लेखाचे इंग्रजी शीर्षक तिथे सगळे कॅपिटल अक्षरांत असेल तर आपल्या यादीतही ते तसेच उतरते, आणि एपीएला तर पहिले अक्षर, उपशीर्षकाचे पहिले अक्षर आणि विशेषनामे एवढीच कॅपिटल हवी असतात. म्हणून आपण छापील प्रत मागवलीत. एकाने मजकुरातले प्रत्येक आडनाव आणि वर्ष मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने यादीत त्यासमोर पेन्सिलीने खूण करायची. शेवटी ज्या नोंदींपुढे खूण झालीच नव्हती, त्या वाचलेल्या पण कुठेच न वापरलेल्या पुस्तकांच्या निघाल्या आणि यादीतून गेल्या. डीओआयचे, म्हणजे लेखाच्या कायमस्वरूपी ओळखक्रमांकाचे, दुवेही आपण एकेक उघडून पाहायला लावलेत.

आपण तयार करून दिलेली कोरी फाईल आम्ही पुढच्या वर्गाकडे सोपवली आहे. तिच्यात परिशिष्टांच्या शीर्षकासाठी वेगळी शैली नाही. सवड होईल तेव्हा तेवढी घालून द्यावी, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

चौघांच्या वतीने,
आपला एक विद्यार्थी