गुळाचाही हिशेब हवा

महोदय,

‘गुळाचा चहा’ अशी पाटी आता चौकाचौकात दिसते. वजन उतरवायचं म्हणून अनेक जण साखर सोडून गुळावर येतात आणि काटा तसूभरही हलत नाही. हलणार कसा? साखरेच्या ग्रॅममागे ४ कॅलरी, तर गुळाच्या साडेतीन ते पावणेचार; त्यात तेवढीच गोडी यायला गूळ जरा जास्तच पडतो. गुळात लोह असतं, पण चहापुरत्या खड्यातून ते नावालाच मिळतं. सकाळच्या कोमट पाण्यातला मधही याच खात्यात जमा होतो.

साखर, गूळ, मध आणि फळांचा रस मिळून रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावेत, ५ टक्क्यांच्या आत आले तर अधिक चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं. २००० कॅलरींच्या आहारात हे ५० आणि २५ ग्रॅम होतात. अख्खं फळ आणि दूध यात धरत नाहीत.

हे मोजायला किराण्याची यादी पुरते. चार माणसांच्या घरात महिन्याला ५ किलो साखर आणि १ किलो गूळ संपत असेल, तर माणशी रोजचे ५० ग्रॅम झाले. बिस्किटं, मिठाई, ऑफिसातला चहा अजून धरलेलाच नाही. साखर-गूळ मिळून ३ किलोंवर आले, की २५ ग्रॅम होतात.

सगळ्यात मोठी गळती चहात. चहाचा सपाट चमचा ४ ग्रॅमचा, शिगोशीग भरला तर ६ ग्रॅम सहज. असे दोन चमचे आणि दिवसाला चार कप, म्हणजे ४८ ग्रॅम. शिवाय आपण साखर आधणातच टाकतो, त्यामुळे कोणाच्या कपात किती गेली ते कळतच नाही. चहा बिनसाखरेचा उकळावा, साखर कपात सपाट चमच्याने घालावी आणि दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करावी. एकदम सोडणारे बहुतेक जण आठवड्यात परत फिरतात. हळूहळू कमी केली की जीभ सरावते.

साखर कमी करून चहासोबत खारी आणि फरसाण वाढलं, तर मात्र काहीच साधत नाही. तेवढ्याच कॅलरी मैद्यातून आल्या तर वजनाला फरक पडत नाही. साखर वजन वाढवते ती मुख्यतः न कळत, वरचेवर पोटात जाते म्हणून. त्यातही सरबत, कोला, रस यांनी पोट भरल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे जेवण कमी होत नाही. ३०० मिलीच्या कोलात तीसेक ग्रॅम साखर असते.

मुलांच्या बिस्किटांचा पुडा घेताना पाठीमागचा तक्ता जरूर वाचावा. ‘प्रति सर्व्ह’ म्हणजे एका वाढणीतल्या साखरेचे टक्के दिवसाची ५० ग्रॅम साखर धरून काढलेले असतात आणि सर्व्ह म्हणजे बहुधा दोन-तीन बिस्किटं. मुलं अख्खा पुडा संपवतात. म्हणून १०० ग्रॅमच्या रकान्यातली ‘ॲडेड शुगर’ पाहावी आणि पुड्याच्या वजनाने हिशेब करावा.

– एक आहारतज्ज्ञ, सोलापूर