'सवय होईल' हे तपासणीनंतर सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोयाबीन घरात येते, दिवाळी सरते, थंडी पडू लागते आणि मराठवाड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनांची लगबग सुरू होते. शहरातलीच नव्हे, तालुक्याच्या गावची माणसेही आता डोळ्यात मल्टिफोकल, म्हणजे लांबचे आणि जवळचे दोन्ही दाखवणारी लेन्स बसवून घेतात. 'चष्मा सुटेल' एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. मग महिना उलटला तरी अक्षरे भुरकट दिसतात, रात्री दिव्याभोवती खळे पडते आणि विचारायला गेले की 'सवय होईल' असे उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नाही. पण ते काही तपासण्या झाल्यानंतर द्यायचे असते. आधीच दिले, तर ज्यावर इलाज आहे असा दोषही रुग्ण महिनोन्‌महिने अंगावर काढतो.

साधी लेन्स सगळा प्रकाश एकाच अंतरासाठी वापरते, बहुधा लांबच्या. म्हणून ती बसवलेल्याला वाचायला साधारण अडीच नंबरचा चष्मा लागतो. मल्टिफोकल लेन्सवर एकात एक अशी अतिशय बारीक वर्तुळे कोरलेली असतात आणि ती प्रकाशाची वाटणी करतात. काही प्रकाश लांबसाठी, काही वाचनासाठी, आणि ट्रायफोकल असेल तर काही ६० ते ८० सेंटीमीटरच्या मधल्या अंतरासाठी. थोडा वायाही जातो. त्यामुळे प्रत्येक अंतराचे चित्र साध्या लेन्सपेक्षा किंचित फिके असते. समोरून गाडीचा दिवा आला की लांबचे चित्र नीट उमटते, पण वाचनाच्या वाट्याचा प्रकाश त्याच्याभोवती पसरतो. तेच ते खळे. रात्री बाहुली मोठी होत असल्याने ते अधिक जाणवते. लेन्स आहे तोवर खळे पुरते जात नाही, मेंदू त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. त्याला साधारण ३ ते ६ महिने लागतात, काहींना वर्षही.

पहिल्या काही दिवसांत दिसणारा धूसरपणा वेगळा. तो बुबुळावरच्या सुजेमुळे आणि बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांमुळे असतो. पिवळट झालेले जुने भिंग निघाल्याने पांढरे कापड निळसर दिसते, ऊन डोळ्यात खुपते, कधी कानाच्या बाजूला चंद्रकोरीसारखी सावली जाणवते. हे बहुतेकांचे आपोआप कमी होते. मात्र डोळा दुखू लागला, लाली वाढली, चिपड येऊ लागले किंवा नजर एकदम कमी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तो जंतुसंसर्ग असू शकतो. विजेसारख्या रेषा चमकणे, काळे ठिपके अचानक खूप वाढणे, बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटणे यातही थांबायला वेळ नसतो. उद्या बाजारचा दिवस आहे, मुलगा पुण्याहून येणार आहे, असली कारणे इथे चालत नाहीत.

आता तपासण्यांविषयी. सर्वांत आधी पाहायचा तो कोरडेपणा. ऑपरेशनच्या छेदाने बुबुळातल्या काही नसा कापल्या जातात, त्यात थेंबांमधली परिरक्षक (औषध टिकवणारी) द्रव्ये, आपला कोरडा वारा, पारा ४० च्या वर गेल्यावर दिवसरात्र तोंडावर चालणारा कूलर. अश्रूंचा थर तुटला की मल्टिफोकलची वाटणी आणखी विस्कटते. याची खूण सोपी आहे: पापण्या मिटून उघडल्या की क्षणभर स्वच्छ दिसते, पुन्हा भुरकट होते. अशा वेळी परिरक्षक नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब डॉक्टरांना विचारून दिवसातून ४ ते ६ वेळा घालावेत आणि कूलरचा झोत अंगावर घ्यावा, चेहऱ्यावर नको. मध, गुलाबपाणी, काजळ यांतले काहीही डोळ्यात घालू नये.

दुसरा उरलेला नंबर. साध्या लेन्समध्ये अर्धा-पाऊण सिलिंडर (बुबुळाच्या असमान गोलाईचा नंबर) राहिला तरी माणूस कुरकुरत नाही, मल्टिफोकलमध्ये तेवढ्याने अक्षराला सावली येते. इथेच आपल्याकडे सर्वाधिक गफलत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॉम्प्युटरवर काढलेला नंबर या लेन्सवर भरवशाचा नसतो. यंत्राचा प्रकाश त्या वर्तुळांतून जाताना फसतो आणि नसलेला मायनस दाखवू शकतो. तो तसाच चष्म्यात घातला तर रुग्ण वाचनाच्या वाट्यातून लांबचे पाहू लागतो, तक्ता वाचतो आणि जवळचे मात्र गमावून बसतो. म्हणून ट्रायल फ्रेम, म्हणजे काचा बदलता येणारी तपासणीची फ्रेम लावून, प्लसच्या बाजूने सुरुवात करून, ज्या जास्तीत जास्त प्लसवर लांबचे स्पष्ट राहते तोच नंबर धरावा. मग तीच फ्रेम लावून ४० सेंटीमीटरवर आणि ६० ते ८० वर काय दिसते ते तपासावे, आधी एकेका डोळ्याने, नंतर दोन्हींनी. काचेने तक्रार गेली, तर ती लेन्सची नव्हती, नंबरची होती. ही तपासणी जखम स्थिरावल्यावर, साधारण महिन्याने करावी. परभणी-हिंगोलीच्या ज्या चष्माघरांत हे रुग्ण येतात, तिथल्या सहकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: नंबर काढण्याआधी आत कोणती लेन्स आहे ते विचारा.

तिसरा पडदा, म्हणजे डोळ्याच्या आत मागे असलेला दृष्टिपटल. ऑपरेशननंतर चार-सहा आठवड्यांनी काहींच्या पडद्याच्या मध्यभागी सूज येते, मधुमेहींमध्ये जास्त. आधी बरे दिसत होते आणि आता अक्षरे वाकडी किंवा मधोमध पुसट दिसतात, असे कोणी म्हणाले तर ओसीटी (पडद्याचे थर दाखवणारे स्कॅन) करून घ्यावे. चौथी लेन्सच्या मागची पिशवी. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तिच्यावर साय धरावी तसा थर येतो आणि याग लेझरने तो काही मिनिटांत मोकळा होतो. पण तक्रार पहिल्या दिवसापासूनची असेल तर लेझरची घाई नको. पिशवीला भोक पडल्यावर लेन्स बदलणे फार अवघड आणि जोखमीचे होते. लेन्स मध्यावर बसली आहे की सरकली आहे, हेही बाहुली मोठी करून पाहावे. एवढे सगळे ठीक निघाले, की मग खुशाल सांगावे, सवय होईल.

ती सवय घरी कशी लावायची, हे मात्र कोणी नीट समजावत नाही. मोतीबिंदू पिकलेला असताना कागद नाकाजवळ धरायची खोड लागते. या लेन्सला ते अंतर मानवत नाही. वर्तमानपत्र हात लांब करून धरावे आणि हळूहळू जवळ आणावे. अक्षर जिथे सर्वांत स्पष्ट होते ती जागा बहुधा ३५ ते ४० सेंटीमीटरवर, म्हणजे पावणेदोन विती भरते. तिथेच थांबायचे, आणखी जवळ नेले की पुन्हा भुरकट होणारच. उजेड खांद्यामागून, कागदावर पडेल असा हवा, ९ ते १२ वॅटचा एलईडी दिवा पुरतो. लाइट गेल्यावर मिणमिणत्या उजेडात हरिपाठ वाचता येत नाही, यात लेन्सचा दोष नाही. सुरुवातीला मोठे मथळे, मग बातमी, असे १०-१५ मिनिटे दिवसातून तीन-चार वेळा वाचावे. बाजारातला तयार चष्मा दिवसभर लावून ठेवला तर मेंदू शिकतच नाही. पण औषधाच्या पाकिटावरची बारीक तारीख वाचायला किंवा सुईत दोरा ओवायला एक नंबरचा चष्मा वापरला, तर त्यात कमीपणा काही नाही. मांडीवर सूप घेऊन गहू निवडण्याचे अंतर ५० सेंटीमीटरच्या पुढे असते. लेन्स दोनच अंतरांची असेल तर तिथे थोडे धूसर दिसते. एक डोळा झाकून दुसऱ्याशी ताडून पाहण्याचा खेळ थांबवावा. दुसऱ्या डोळ्यात अजून मोतीबिंदू असेल तर दोघांचा मेळ बसायला वेळ लागतोच. मात्र पहिल्या डोळ्याची तक्रार मोठी असेल, तर तिचे कारण सापडेपर्यंत दुसऱ्याची तारीख घेऊ नये. आणि घरच्यांनी 'एवढे पैसे घालूनही दिसेना का?' असे म्हणू नये. त्या बोलण्याने म्हातारे माणूस तक्रार सांगणेच बंद करते.

रात्रीच्या रस्त्याची काळजी वेगळी. ऑपरेशनांचा हंगाम आणि ऊसतोडणीचा हंगाम एकच. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे लाल दिवा नसलेले ट्रॅक्टर आणि समोरून झगझगीत एलईडी दिवे, अशा रस्त्यावर पहिले तीन महिने रात्री गाडी चालवू नये. पुढेही काच आतून-बाहेरून पुसलेली असावी, हेल्मेटची ओरखडे पडलेली काच बदलावी आणि समोरच्या दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवावी. 'नाइट ड्रायव्हिंग'चे पिवळे चष्मे घेऊ नयेत, ते आधीच फिक्या चित्राचा उजेड आणखी कमी करतात. बाहुली किंचित लहान ठेवणारे थेंब काहींना उपयोगी पडतात, पण ते डॉक्टरांनीच द्यावेत.

ज्यांची भाकरी रात्रीच्या गाडीवर आहे, असे एसटीचे, ट्रकचे, उसाच्या वाहतुकीचे चालक यांनी साधी लेन्सच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मधुमेहाने पडदा बिघडलेला असेल, काचबिंदू पुढे गेलेला असेल, तरीही मल्टिफोकल लेन्स नको. आपल्याकडे आणखी एक गोष्ट नेहमी राहून जाते. काडी, काटा, कडब्याचे पान लागून बुबुळावर जुना डाग पडलेले शेतकरी पुष्कळ आहेत, आणि उन्हात राबून बुबुळावर मांस चढलेलेही. या दोन्हींमुळे बुबुळाची गोलाई बिघडते आणि महागडी लेन्स वाया जाते. मांस आधी काढून, गोलाई स्थिर झाल्यावर मोजमाप घ्यावे. साधी लेन्स म्हणजे हलकी लेन्स, हा समज विकणाऱ्यांनी पसरवू नये. रात्री ती जास्त स्वच्छ दाखवते.

सगळे करूनही सहा-आठ महिन्यांत माणूस हैराणच असेल, तर लेन्स काढून साधी बसवता येते. जितका उशीर होईल तितकी ती पिशवीला घट्ट चिकटते, म्हणून ही चर्चा वर्षानुवर्षे टाळू नये. त्यासाठी लेन्सचे कार्ड जवळ असणे गरजेचे आहे. त्यावर कंपनी, प्रकार आणि पॉवरचा स्टिकर असतो. रुग्णालयांनी ते न मागता द्यावे आणि सोबत मराठीत एक पान जोडावे: पुढच्या तपासण्या कधी, उरलेला नंबर किती, कोणत्या लक्षणाला त्याच दिवशी यायचे. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडला ऑपरेशन करून आष्टीला, सेनगावला परतलेल्या माणसाला पुढे तपासणारा डॉक्टर दुसराच असतो. कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि मूळ प्रत रेशन कार्डासोबत ठेवावी.

आपला,
एक ऑप्टोमेट्रिस्ट, परभणी