टेकडीवर रडणाऱ्याला रडू द्यावे

महोदय,

वेताळ टेकडीवर लागलेल्या वणव्याची बातमी आपल्या अंकात वाचली. जो उतार जळाला त्याच्या कडेला गेला दीड महिना मी रोज सकाळी बसते आहे, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कापा, फक्त साळईच्या झाडाचा भाग ठेवा.

माझ्या सासूबाई या पौषात गेल्या. वय 86, त्यातली शेवटची चार वर्षं अंथरुणावर. पहाटे साडेपाचला त्यांना कुशीवर वळवायचं, डायपर बदलायचा, पाठीला पावडर लावायची, थायरॉईडची गोळी द्यायची. अर्ध्या तासानं चहात बुडवलेलं मारी बिस्कीट चमच्यानं भरवायचं. त्यावर गुडघ्यांसाठी शल्लकीची गोळी. ही गोळी खरं तर कधीच बंद करता आली असती. जिला पायच टेकायचे नाहीत तिला गुडघ्याचं औषध कशाला? पण त्या मागायच्या. शेवटी शेवटी मला त्या आपली ताई समजत होत्या, मुलांची नावं विसरल्या होत्या, तरी “माझी गुडघ्याची दे” एवढं मात्र रोज न चुकता. म्हणून द्यायची.

तेराव्याला पंचवीस-तीस माणसं जेवून गेली. चपला घालताना जवळजवळ प्रत्येकानं एकच म्हटलं, “सुटल्या हो. आणि तूही सुटलीस.” बोलणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला कळतं. चौदाव्या दिवशी भाड्यानं आणलेला लोखंडी पलंग आणि हवेची गादी दुकानाचा माणूस घेऊन गेला. फरशीवर चाकांचे चार काळे गोल राहिले. ते मी अजून घासलेले नाहीत. आणि पहाटे साडेपाचला जाग यायची ती येतच राहिली.

मला सुटल्यासारखं वाटत नव्हतं. काय वाटत होतं तेही कुणाला सांगता येईना. सुनेनं सासूसाठी किती रडावं आणि कुणाच्या गळ्यात पडून रडावं, याचा आमच्याकडे काही रिवाज नाही. माझ्या नवऱ्याजवळ रडायला त्याची भावंडं होती. मी चहा करत होते.

अशाच एका पहाटे ओट्याशी नुसतं उभं राहण्याचा कंटाळा आला आणि चपला घालून टेकडीची वाट धरली. कोथरूडात सत्तावीस वर्षं राहते, टेकडी गॅलरीतून दिसते, पण वर गेले असेन चार-पाच वेळा, तेही पाहुण्यांना दाखवायला. 2023 च्या एप्रिलमध्ये टेकडी वाचवायला लोक मोर्चा काढून रस्त्यावर आले तेव्हा आमच्या इमारतीतल्या बायका गेल्या होत्या. मला घर सोडता येत नव्हतं. टेकडीतून काढायच्या रस्त्याच्या आणि बोगद्याच्या वादात मी आत्ताही पडत नाही, त्यावर जाणकार बोलत आहेत.

माघात टेकडीवर बघण्यासारखं काही नसतं असं माझं मत होतं. गवत वाळून पिवळं, झाडांच्या काटक्या. उंदीरमारी तेवढी गुलाबी फुललेली असते आणि सगळे मोबाईल तिच्याकडेच वळलेले असतात. बाहेरच्या देशातून आणून लावलेलं झाड, पण भाव खाऊन जातं. मी मात्र मुख्य वाट सोडून एका दगडावर बसायला लागले, एका निष्पर्ण झाडाखाली. त्याची साल जुन्या वहीच्या पानांसारखी सोलवटून लोंबत होती. ते वठलंय असंच मी धरून चालले होते. खोटं कशाला बोलू, म्हणूनच तिथे बसायला बरं वाटायचं. खालून तांबटाचं टुकटुक चालू असायचं. मध्येच मोर ओरडायचा. माझ्याकडे कुणाचं काही काम नसायचं.

फाल्गुनात त्या झाडाच्या फांद्यांच्या टोकांशी पांढरट तुरे दिसू लागले. पान अजून एक नाही, नुसते बारीक फुलांचे तुरे आणि त्यांच्याभोवती मधमाश्या. पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन रोज वर येणारे एक काका आहेत, ते उन्हाळाभर रोपांना पाणी घालतात. (असे बरेच जण आहेत टेकडीवर. त्यांच्याबद्दल कुणी तरी वेगळं पत्र लिहायला हवं.) त्यांना विचारलं, हे झाड कुठलं हो? कॅन खाली न ठेवताच म्हणाले, “साळई. हिचा डिंक धुपात घालतात. गुडघ्यांना शल्लकी देतात ना, ती हिचीच.” आणि गेले पुढे.

त्या दगडावर मी रडले. तेराव्यालाही अशी रडले नव्हते. चार वर्षं रोज सकाळी ती गोळी हातावर काढत होते आणि जिची ती गोळी, ते झाड घरापासून चालत अर्ध्या तासावर उभं होतं. आईंना दाखवता आलं असतं असंही नाही, त्यांना पलंगावरून गॅलरीपर्यंत आणणं जमत नव्हतं. त्यांचे गुडघेही त्या गोळीनं कधी बरे झाले नाहीत. खोडाला हात लावला तर बोटाला डिंक चिकटला. घरी येऊन भाजी चिरली तरी त्याचा वास होता बोटाला. गोळ्यांच्या डबीचा येतो तसा नाही, देवघराच्या अंगानं जाणारा.

आता तक्रार. दोन दिवसांनी मी तिथेच बसलेली असताना ज्येष्ठांचा एक हास्यक्लब वाट वाकडी करून माझ्यापाशी आला. माझे डोळे लाल झालेले असणार. एकीनं राजगिऱ्याची वडी हातात ठेवली, दुसऱ्यांनी समुपदेशकाचा नंबर लिहून घ्या म्हणून आग्रह केला. तिसरे म्हणाले, “टेकडीवर रडायचं नाही, हसायचं!” मग सगळ्यांनी माझ्याभोवती हात वर करून हा हा हा केलं. मीही हसले. काय करणार? वडी चांगली होती. पण मंडळी, एकटी बाई झाडाखाली रडताना दिसली आणि तिला लागलं-खुपलेलं नसेल, तर कृपया पुढे चालत राहा. घरात चार खोल्या असूनही तिला रडायला जागा मिळाली नसेल, म्हणूनच ती एवढं चढून आली असेल. खिशातल्या स्पीकरवर गाणी लावून फिरणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे.

आणि वणव्याचं. त्या संध्याकाळी गॅलरीतून धूर दिसला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वर गेले तर सबंध उतार काळा. राखेत गोगलगायींचे पांढरे शंख तेवढे उठून दिसत होते. साळईची लोंबती साल गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत जळून गेली होती, वरचे तुरे तसेच होते. आग झाडाच्या फांद्यांनी झोडपून विझवणारे रोजचे फिरणारेच लोक होते. काडी टाकणाराही कदाचित रोजचाच असेल. सिगारेट, काडेपेटी खालीच ठेवून वर या, एवढंच मागणं आहे.

यंदा आम्ही गुढी उभारली नाही. पाडव्याच्या पहाटेही मी टेकडीवरच होते. साळईला पान अजून नाही, काका म्हणतात पावसाच्या तोंडावर येईल. तिच्याखाली बसण्याजोगा दगड एकच आहे. सहा ते पावणेसात तिथे मी असते. त्यानंतर तो रिकामा असतो, कुणालाही बसता येईल.

– एक वाचक, कोथरूड, पुणे