ट्रायलला कोण बसतं

सातारा, ९ सप्टेंबर २०२४

चि. निखिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा चतुर्थीला मी फोनवर आवाज चढवला म्हणून आई अजून घुश्शात आहे. तुझ्या बंगळुरूच्या टेस्ट पायलट कोर्सबद्दल अवाक्षर काढणार नाही, असं तिला कबूल करून लिहायला बसलोय.

इकडे गुरुजी प्राणप्रतिष्ठा करत होते, तेव्हाच साडेनऊला तिकडे अमेरिकेत न्यू मेक्सिकोत स्टारलायनर, ती बोइंगची अंतराळकुपी, उतरली. रिकामी. तू म्हणालास, "बघा, अलगद उतरली. दोघं बसले असते तरी आले असते." हे तुझं बोलणं काही केल्या डोक्यातून जात नाही. उतरली म्हणून बसायला हवं होतं, हे कसलं गणित रे? जूनमध्ये अंतराळ स्टेशनाला लागतानाच २८ पैकी ५ थ्रस्टर, म्हणजे यान वळवायची छोटी इंजिनं, बंद पडले. चार परत चालू झाले, पण हेलियमची गळती होतीच. जमिनीवर तसलाच थ्रस्टर चालवून बघितला, तर टेफ्लॉनचं सील तापून फुगलेलं, इंधनाची वाट अडवणारं. फुगलेली सीलं मी डेपोत जन्मभर बघितली. गार झालं की गाडी चालते, आणि ड्रायव्हर म्हणतो, "आता काय नाय." त्यात ते थ्रस्टर ज्या मागच्या भागात, तो उतरण्याआधी सोडून देतात, जळून जातो. पुन्हा वापरायचा तो फक्त माणसांचा डबा. मग बिघाड खोलून बघणार कशात? आठ दिवसांसाठी गेलेले सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर आता फेब्रुवारीपर्यंत वरच. २४ ऑगस्टला नासातल्या ज्यांनी या दोघांना त्यात बसवायला "नको" म्हटलं, त्यांना माझा नमस्कार.

बघ, सुरू झालो. तू लढाऊ विमानं उडवतोस, मी पाने फिरवले. तुला शिकवणारा मी कोण? राग मानू नकोस. मंडळाने फळ्यावर तुझं नाव लिहिलंय, मी उगाच निमित्त काढून तिकडून जातो.

ब्रेकचं काम झालं की गाडी यवतेश्वर घाटात ट्रायलला न्यायचो. आत ड्रायव्हर आणि मी, बस्स. तू डेपोच्या फाटकाशी भोकाड पसरायचास, बोनेटवर बसायचंय म्हणून. एकदाही बसवलं नाही तुला. वॉचमन तुला पेरू द्यायचा, तो तसाच हातात धरून रडत उभा असायचास. आणि आता सरकार तुला बोलावून ट्रायलला बसवणार!

गौरीला जमत नसेल तर राहू दे. नानांच्या गुडघ्याचं आईलाच विचार, माझ्यापाशी तो विषय नको. फक्त एवढं कळव: उड्डाणाआधी कागदावर सही कोण करतं? आणि पायलट नाही म्हणाला, तर ऐकतात ना?

तुझे बाबा