'डी कुन्हा' नव्हे, 'दा कुन्हा'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जगातल्या सर्वांत एकाकी वस्तीवरचा लेख आवडीने वाचला. फक्त बेटाच्या नावाचे हाल बघवले नाहीत. मथळ्यात 'ट्रिस्टन डी कुन्हा', मजकुरात 'ट्रिस्तान द कूना' आणि फोटोखाली 'ट्रिस्टन आयलंड बेट'. आयलंड म्हणजेच बेट, एवढ्यासाठी वाचकाला पत्र लिहायची वेळ येऊ नये.

शिवाय ज्याच्या नावाने बेट ओळखलं जातं तो लेखात 'ब्रिटिश दर्यावर्दी' झाला आहे. तो पोर्तुगीज. १५०६ साली हिंदुस्थानकडे निघालेल्या आरमाराचा प्रमुख. पुढे गोवा जिंकणारा अफोन्सो द अल्बुकर्क त्याच ताफ्यात होता. वाटेत दक्षिण अटलांटिकमध्ये ही बेटं दिसली, पण समुद्र खवळलेला असल्याने उतरता आलं नाही. पाय न टेकवताच नाव मात्र कायमचं लागलं.

मी वसईचा, म्हणून हे जरा जास्तच बोचलं. याच माणसाचा मुलगा नुनो दा कुन्हा पुढे गोव्यात गव्हर्नर झाला आणि २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि मुंबईची बेटं त्याने पदरात पाडून घेतली. आमच्या आळीत डिकुन्हांची तीन घरं आहेत. त्यातले एक काका पुरवणी घेऊन आले. "मास्तर, हा आमच्यातलाच काय हो?" म्हटलं, आडनाव तेच, पण ते बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर आलेलं, रक्ताचं नातं कशाला असेल? काका हिरमुसले. पण कात्रण कापून ठेवलं.

आता नावाकडे वळतो. मूळ पोर्तुगीज उच्चार साधारण 'त्रिश्तांव द कुन्य' असा. हा 'आंव' आपल्याला परका नाही. गोव्यात सां जुआंवचा, म्हणजे सेंट जॉनच्या सणाचा, 'सांजांव' होतो आणि पोरं विहिरीत उड्या मारतात, तोच तो 'आंव'. इंग्रजांच्या तोंडात तो बसेना, त्यांनी 'ट्रिस्टन' केलं. 'कुन्य'चा झाला 'कूना'. आपण ना पोर्तुगीज कानाने ऐकलं ना इंग्रजी. स्पेलिंगमधले एन आणि एच बघून 'न्ह' लिहून मोकळे झालो. नरोन्हांचंही तेच. पण हा 'न्ह' रेशनकार्डापासून चर्चच्या नोंदवहीपर्यंत इतका मुरला आहे की तो आता आपलाच. त्याला हात लावू नये. 'डी' मात्र कुठूनही आलेला नाही. पोर्तुगीजमध्ये तो 'दा' आहे, इंग्रजीतही 'दा'च.

बेटालाही 'त्रिश्तांव' म्हणा, असा हट्ट कुणी धरला तर मी त्याच्या बाजूने नाही. नेपोलियनला सेंट हेलेनावर ठेवल्यावर त्याला कुणी सोडवून नेऊ नये म्हणून ब्रिटिशांनी १८१६ मध्ये या बेटावर शिबंदी बसवली. ती परत गेली तेव्हा विल्यम ग्लास नावाचा कॉर्पोरल बायकामुलांसह मागे राहिला, आणि त्याच्यापासून वस्ती वाढली. तिथली भाषा इंग्रजी आणि बेटाचं नाव त्यांच्या तोंडी नुसतं 'ट्रिस्टन'. गावाचं कागदोपत्री नाव 'एडिनबरा ऑफ द सेव्हन सीज', पण ते लोक 'सेटलमेंट' म्हणतात. या भारदस्त नावापायी त्यांची टपाल-पार्सलं स्कॉटलंडच्या एडिनबराला जात. शेवटी २००५ मध्ये बेटाला स्वतःचा ब्रिटिश पोस्टकोड मिळाला. नावातल्या घोळाची किंमत त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

१९६१ च्या ऑक्टोबरात ज्वालामुखी गावाच्या अगदी कडेला फुटला, मासळीचा कारखाना लाव्ह्याखाली गेला. सगळ्या २६४ जणांना इंग्लंडला हलवावं लागलं. तिथे पगार होता, वीज होती, दुकानं होती. तरी मतदान झालं तेव्हा परत जायच्या बाजूने १४८ आणि विरोधात फक्त ५ मतं पडली. १९६३ मध्ये बहुतेक सगळे परतले, पुन्हा त्याच बटाट्याच्या वाफ्यांकडे. विमानतळ आजही नाही. केपटाऊनहून बोटीने सुमारे २,८०० किलोमीटर. लेखात या सगळ्याला एक ओळ आणि लॉबस्टरला अख्खा परिच्छेद, हे काही पटलं नाही. हट्टाने परत गेलेली ही माणसं आपल्या बेटाला ट्रिस्टन म्हणतात, तर आपणही ट्रिस्टनच छापावं.

तेव्हा बेट असेल तिथे 'ट्रिस्टन दा कुन्हा', दर्यावर्दी असेल तिथे हवं तर 'त्रिश्तांव', आणि एका लेखात एकच रूप, एवढं करावं. चूक दुरुस्त करणार असाल तर नुनोचाही दोन शब्दांत उल्लेख यावा. आमचे काका दुसऱ्या कात्रणासाठी कात्री घेऊन बसले आहेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वसई