मुलं बघतात, पण बोलत नाहीत

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. मुलं रोज इंग्रजी व्हिडिओ बघतात, सगळं समजतं म्हणतात, आणि बोलायला उभं केलं की गप्प! माझ्या वर्गातही दोन वर्षं हेच चाललं होतं. मी वीस-वीस मिनिटांचे व्हिडिओ लावायचो, मुलं रमायची, तास संपायचा. तोंड कुणीच उघडलेलं नसायचं. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजी मुलांबद्दल भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये असंच लिहिलं होतं. वर्षानुवर्षं ऐकून त्यांना फ्रेंच उत्तम समजायचं, पण बोलणं मागे राहिलं, कारण बोलायची वेळच फारशी येत नव्हती.

आता मी फक्त तीस-चाळीस सेकंदांचा तुकडा घेतो. आधी सबटायटल बंद ठेवून दोनदा ऐकायचा, मग सबटायटल लावून. (आपोआप येणारी सबटायटल मी आधी तपासतो, त्यांत चुका असतात.) गरज लागली तर व्हिडिओचा वेग ०.७५ पट करतो, त्याखाली नाही. फार हळू केलं की लयच हरवते, आणि मुलं अडतात ती लयीतच. आपण मराठीत अक्षरन् अक्षर उच्चारतो; इंग्रजीत जोर एका जागी आणि बाकीचं गिळलेलं. 'कम्फर्टेबल' असं लिहितो खरं, पण ऐकू येतं 'कम्फ्‌टबल'. हे फळ्यावर कितीही सांगितलं तरी कानाला पटत नाही, व्हिडिओत चार वेळा ऐकलं की पटतं.

एकदा आवाज पूर्ण बंद करून नुसते ओठ बघायला लाव. 'व्हेरी'ला (very) वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, 'वेल'ला (well) ओठांचा चंबू होतो. आपण बोलताना बरेचदा दोन्हीकडे एकच 'व' वापरतो. मुलांना हे दिसलं तेव्हा सगळा वर्ग आरशासारखा एकमेकांकडे बघत बसला होता!

मग वक्त्याच्या मागोमाग, त्याच्या आवाजाला चिकटून बोलायचं. याला शॅडोइंग म्हणतात. शेवटी मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून मूळ तुकड्याशेजारी ऐकायचा. हे मी कधीच वगळत नाही. एक अबोल मुलगी स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून म्हणाली, "सर, मी प्रत्येक शब्दानंतर थांबते." मी ते तिला सांगितलंच नव्हतं.

एवढ्यावर थांबू नकोस मात्र, नाहीतर नुसती पोपटपंची होईल. व्हिडिओ बंद करून जोड्या लाव आणि त्याच विषयावर एक मिनिट स्वतःच्या शब्दांत बोलू दे. तेव्हा चुका होतील. मध्येच टोकू नकोस, टिपून ठेव आणि नंतर सांग. उच्चार हुबेहूब परदेशी व्हावा असा आग्रहही नको, ऐकणाऱ्याला कळलं की झालं.

येत्या आठवड्यात एकच तुकडा घेऊन बघ आणि तुझी मुलं कुठे अडली ते मला सविस्तर लिही.

तुझाच,
मित्र