आधी पाण्याची वाट बघा, मग जेसीबी बोलवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुळशी तालुक्यात माझा जेसीबी भाड्याने चालतो. पिरंगुटच्या पुढे पौडकडे आणि कोळवण खोऱ्यात घर-गोठ्यासाठी जागा करून देणं हा माझा धंदा. गिऱ्हाईक गावातलं असो नाहीतर कोथरूडहून आलेलं, मे महिन्यात फोनवर मागणी एकच असते, "पावसाच्या आत जागा सपाट करून द्या." भराव जेवढा जास्त तेवढे माझे तास जास्त, म्हणजे पुढे जे लिहितोय ते माझ्याच पोटावर पाय देणारं आहे. तरी लिहितो, कारण दर पावसाळ्यात तोच तमाशा पाहून कंटाळा आलाय.

घराला सपाट जागा लागतच नाही. जोत्यापासून बाहेर पहिल्या दहा फुटांत निदान अर्धा फूट उतार हवा आणि ते पाणी पुढे जायला वाट हवी. आमच्याकडे होतं काय, की उताराची वरची बाजू कापायची आणि तीच माती खाली लोटायची. डोळ्यांना मैदान झकास दिसतं. पण घराचा अर्धा भाग कातळासारख्या मुरमावर आणि अर्धा कालच्या भरावावर बसतो. भराव पाणी प्यायला की चहातल्या खारीसारखा खचतो आणि खालच्या बाजूच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, वर रुंद, खाली बारीक. शिव्या मात्र गवंडी खातो.

भराव करायचाच असेल तर आधी गवत-मुळांसकट वरची माती काढून बाजूला रचा. परसबागेला ती सोन्याच्या मोलाची आहे आणि जोत्याखाली मात्र कुजून दगा देते. मग मुरूम सहा ते आठ इंचांच्या थरात पसरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि मगच पुढचा थर. बकेटने वरून थोपटलं म्हणजे दबाई झाली असं सांगणाऱ्या ऑपरेटरला त्याच दिवशी घरी पाठवा. एवढं करूनही पायाचे खड्डे भरावातून खाली मूळच्या घट्ट जमिनीपर्यंतच न्यायचे. हिशेबही आधी करा. चाळीस बाय साठ फूट जागा दोन फूट उचलायची तर दबलेला मुरूम ४८ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागतो आणि सुटा त्याहून बराच जास्त. हा आकडा ऐकला की निम्मे मालक आपोआप जागेच्या उताराशी जमवून घ्यायला तयार होतात. दौंडकडच्या काळ्या जमिनीची गोष्ट आणखी वेगळी, ती ओली झाली की फुगते आणि उन्हात भेगाळते. तिथे काळी काढून खाली मुरूम लागेपर्यंत गेल्याशिवाय इलाज नाही.

गोठ्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो, तो खरं तर घराबरोबरच व्हायला हवा. गोठा घराच्या आणि विहिरीच्या खालच्या अंगाला हवा. कोबा गव्हाणीकडून मागच्या नालीकडे दहा फुटांना तीन इंच उतरता ठेवा. जास्त उतार दिला तर गाय घसरते, कमी दिला तर मूत साचून खूर खराब होतात. आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून ती बाजू बंद ठेवावी. चाऱ्याची ट्रॉली वळायला जागा आहे का, हे जुना शेतकरी पहिलं विचारतो, नकाशावाला विचारत नाही. आणि पत्र्याच्या पागोळ्या! वीस बाय चाळीसच्या पत्र्यावर एक इंच पाऊस पडला तर जवळजवळ १,९०० लिटर पाणी उतरतं. पन्हाळ लावून ते बाजूला काढलं नाही तर शेणखड्डा भरून वाहतो आणि वर्षाचं खत ओढ्याला जातं.

आता मुद्द्याचं. वरच्या प्लॉटवाल्याने ओहोळ बुजवून कुंपणाची भिंत घातली की पाणी काही डोंगर चढून परत जात नाही, ते खालच्या भातखाचरात घुसतं. ताल, म्हणजे खाचराचा बांध, फुटते, रोपं वाहून जातात आणि शेतकरी ग्रामपंचायत ते पोलीस चौकी असा हेलपाटे घालत बसतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे शेतजमिनीवरच्या पाण्याच्या नैसर्गिक वाटेतला असा अडथळा काढायला लावण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. फक्त दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे लोक दिवाळीनंतर बघू म्हणतात आणि मुदत निघून जाते. तलाठी कार्यालयाबाहेर या कलमाचा मराठीतला एक फलक लावायला सरकारला किती खर्च येईल?

पाण्याची वाट अडवली की काय होतं, ते पुण्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात पाहिलं. ३० जुलै २०१४ ला माळीण गाडलं गेल्यावर डोंगरउतारावर यंत्रं घालण्यावरही पुष्कळ चर्चा झाली होती. ती विरली, यंत्रं वाढली. त्यात माझंही एक आहे.

माझ्या हातात जे घराचे नकाशे येतात त्यांत देवघराची दिशा असते, पार्किंग असतं, पण जागेच्या लेव्हल्स आणि पाणी कुठून येऊन कुठे जाणार याचा एक बाणसुद्धा नसतो. परवानगी देणाऱ्या कार्यालयांना माझी विनंती एवढीच, की हा बाण आणि जोत्याची उंची नकाशावर दाखवल्याशिवाय शिक्का मारू नये आणि कोणीतरी पारदर्शक नळीत पाणी भरून जागेवर लेव्हल तपासून यावी. दोन माणसांचं तासाभराचं काम आहे.

आणि मालकांना सांगणं असं, की जागा घेतल्यावर पहिला पावसाळा काही बांधू नका. आर्द्रा नक्षत्रात छत्री घेऊन या, पाणी जिथून वाहतंय तिथे खुंट्या ठोका, हवं तर मोबाईलवर व्हिडिओ काढा. मला दिवाळीनंतर बोलवा. तेव्हा जमिनीत ओल असते, मुरूम चांगला दबतो आणि मे महिन्यासारखी रांगही नसते.

आपला,
एक जेसीबी मालक,
पौड परिसर, ता. मुळशी, जि. पुणे